पियानोवरचं विरहगीत: शब्द आधी, चाल मग, कॉर्ड सगळ्यात शेवटी

गाणारा एकच, साथीला फक्त पियानो, शब्द त्याचेच, चालही त्याचीच, आणि विषय सुटून गेलेलं प्रेम. असं गाणं करू पाहणारे बरेच जण मला आपलं रेकॉर्डिंग ऐकायला देतात. बहुतेकांचं एकाच जागी बिनसतं. आधी चार कॉर्ड सापडतात, त्यांवर काहीतरी गुणगुणलं जातं, त्या गुणगुणण्यात मावतील असे शब्द कोंबले जातात आणि मग पियानो पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत एकाच जोरात वाजत राहतो. कॉर्ड चुकलेले नसतात, गळाही बरा असतो. क्रम उलटा झालेला असतो.

हा लेख त्या क्रमासाठी आहे. तुम्हाला सुरात गाता येतं आणि साधे मेजर-मायनर कॉर्ड वाजवता येतात, एवढं धरून चाललो आहे. समजावण्यासाठी एक छोटं गाणं मी इथेच बांधत जाणार आहे. त्याचं नाव ‘किल्ली’.

## तयारी

वाद्य: 61 पट्ट्यांचा कीबोर्ड पुरतो. मात्र बोटाच्या जोराप्रमाणे आवाज लहानमोठा व्हायला हवा. हलकं दाबा किंवा जोरात दाबा, आवाज तेवढाच, असा कीबोर्ड या कामाचा नाही. ऑटो-अकंपनिमेंट (कीबोर्ड आपोआप देतो ती साथ), ठेका, स्ट्रिंग्जचा थर हे सगळं बंद ठेवा. रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, तोही बंद. तो चुका झाकतो आणि या टप्प्यावर चुका ऐकू यायलाच हव्यात.

सस्टेन पेडल, म्हणजे बोट उचललं तरी सूर लांबवणारं पायाचं पेडल: ते वेगळं घ्यावं लागलं तरी घ्या. त्याच्याशिवाय हे गाणं होत नाही.

याशिवाय लागेल तानपुऱ्याचं अ‍ॅप, मेट्रोनोम, फोनचा रेकॉर्डर आणि वही. वहीत लिहा, फोनवर नको. खोडलेला शब्द दिसत राहिला पाहिजे, पुष्कळदा तोच परत घ्यावा लागतो.

घरात खरा, तारांचा पियानो असेल आणि तुम्ही मुंबई, कोकण किंवा गोव्याकडे असाल तर पावसाळ्यात आधी ट्यूनर लावून बघा. दमट हवेत लाकडी साउंडबोर्ड फुगतो आणि सूर चढतात, मधल्या सप्तकांत जास्त. त्या पियानोवर बांधलेली चाल तुम्ही नंतर डिजिटल कीबोर्डवर गायला गेलात की गळा गोंधळतो.

सावधान: कीबोर्ड सुरू करताना पेडलवर पाय नको. बरेच कीबोर्ड सुरू होतानाच पेडलची स्थिती ओळखतात. पाय दाबलेला असेल तर पेडल उलटं चालायला लागतं, म्हणजे दाबलं की सूर तुटतो आणि सोडलं की लांबतो. पेडल बिघडलं असं वाटून लोक नवं आणतात. कीबोर्ड बंद करून, पाय बाजूला ठेवून पुन्हा सुरू करा, बस.

## टप्पा 1: एक वस्तू शोधा

विरहाचं गाणं लिहायला बसलं की हाताला पहिले शब्द लागतात ते आठवण, अश्रू, पाऊस, चांदणं, विरह. हे शब्द वाईट नाहीत, पण ते सगळ्यांचे आहेत. तुमचं माणूस त्यांत दिसत नाही. पहिल्या मसुद्यात साधारण असं काही येतं:

तुझ्या आठवणींचा पाऊस बरसतो,
विरहात तुझ्या हा जीव तरसतो.

यमक आहे, मीटर आहे, पण बघायला काही नाही. आता वहीत दुसऱ्या पानावर उत्तरं लिहा. ते माणूस गेल्यानंतर घरातली कुठली वस्तू जागची हलली नाही? रोजचं कुठलं काम तुम्ही अजून पूर्वीसारखंच करता? काय परत मागायचं राहून गेलं? कविता करू नका, नुसती उत्तरं लिहा. ‘किल्ली’ अशीच आली:

रात्री दार नुसतं लोटून घेते,
कडी काही लावत नाही;
दुसरी किल्ली तुझ्याकडेच आहे,
मी ती परत मागत नाही.

यात दुःख हा शब्द नाही. दार आहे, कडी आहे, किल्ली आहे. ऐकणारा बाकीचं स्वतः भरतो. एक गाणं, एक वस्तू. दुसऱ्या कडव्यात नवी वस्तू आणण्याचा मोह होतो, तो आवरा आणि त्याच किल्लीकडे दुसऱ्या बाजूने बघा.

तपासा: गाण्यातले ‘आठवण’, ‘विरह’, ‘अश्रू’ पेन्सिलने खोडून ओळी पुन्हा वाचा. अर्थ कोसळला, तर ओळींना स्वतःचं अंग नाही. टप्पा पुन्हा करा.

## टप्पा 2: शब्द गळ्यात घालून बघा

या टप्प्यावर बहुतेक जण थांबतच नाहीत, आणि पुढच्या निम्म्या अडचणी इथूनच येतात. कागदावर चांगली ओळ गळ्यात चांगली असतेच असं नाही. मराठीत तीन गोष्टी विशेष बघायच्या.

पहिली, ‘होतं’ की ‘होते’. बोलीतलं रूप घेतलं तर सगळीकडे तेच घ्या. ‘नुसतं’, ‘बदललं’ असं लिहून पुढच्या ओळीत यमकासाठी ‘राहिले’ आणलं की गाणारी व्यक्ती मध्येच बदलल्यासारखी वाटते. दोन्ही रूपं गाता येतात, पण गळ्याला ती वेगळी लागतात. ‘होते’मधला ए मोकळा लांबतो. ‘होतं’मध्ये शेवटचा अ लांबवावा लागतो, आणि तो फार लांबवला की त्याचा ‘होता’ होतो. म्हणून बोलीतलं रूप ओळीच्या शेवटी लांब सुरावर ठेवू नका, मधे ठेवा.

दुसरी, लांब सूर कुठल्या अक्षरावर येतो. आ, ए, ओ यांवर गळा उघडतो. ‘लावत नाही’ मध्ये लांबवायचं ते ‘ना’, आणि ‘ही’ हलकेच टेकवायचं. उलट केलंत, ‘नाहीऽऽऽ’ असं ओढलंत, की आवाज नाकाकडे जातो आणि ओळ रडवेली होते. जोडाक्षराचंही तसंच. ‘किल्ली’मधला ‘कि’ पुढच्या ल्ल मुळे जड होतो, पण तो ओढायचा नाही. ओढलात की ‘कील्ली’ ऐकू येतं. ‘ल्ली’वर थांबा.

तिसरी, क्रियापदातलं लिंग. ‘लोटून घेते’ म्हटलं की गाणारी बाई ठरली. ‘तू गेलास’, ‘तू गेलीस’ म्हटलं की समोरचं माणूसही ठरलं. ते हवं असेल तर उत्तम. गाणं कुणालाही गाता यावं असं वाटत असेल तर ‘लावत नाही’, ‘मागत नाही’, ‘तुझं जाणं’ अशी रूपं वापरा. चाल लागल्यावर हे बदलायला गेलं की अक्षरं कमीजास्त होतात, म्हणून निर्णय आत्ताच घ्या.

तपासा: प्रत्येक ओळ फोनवर दुसऱ्या माणसाशी बोलल्यासारखी मोठ्याने म्हणा आणि रेकॉर्ड करा. जिथे तुम्ही नैसर्गिकपणे थांबता तिथे वहीत उभी रेघ मारा. चालीत श्वास तिथेच येणार आहे.

## टप्पा 3: आकृती ठरवा

आपल्या कानाला मुखडा-अंतऱ्याची सवय आहे. मुखडा आधी येतो, मग अंतरा, परत मुखडा. पियानोवरच्या या गाण्यात बहुधा उलटं असतं. आधी कडवं येतं, ते गोष्ट सांगतं, आणि मनातली मुख्य गोष्ट ध्रुवपदात उशिरा उघडते. दोन्ही आकृत्या चालतात. चुकतं ते अर्धं-अर्धं केल्यावर. सगळ्यात ताकदीची ओळ पहिल्याच मिनिटात देऊन झाली की पुढे पोहोचायला जागा उरत नाही.

‘किल्ली’ची आकृती अशी (एक बार म्हणजे 4 मात्रा):

आरंभ 4 बार
पहिलं कडवं 16
ध्रुवपद 8
दुसरं कडवं 8
ध्रुवपद 8
वळण 8
ध्रुवपद 8
शेवट 4

एकूण 64 बार, म्हणजे 256 मात्रा. मिनिटाला 66 मात्रांच्या लयीत हे गाणं 3 मिनिटं 53 सेकंदांचं होतं. दुसरं कडवं मुद्दाम निम्मं ठेवलंय. ऐकणाऱ्याला घर आता माहीत झालेलं असतं, पुन्हा सगळं दाखवायची गरज नसते.

ध्रुवपदात दोनच ओळी, दोनदा:

ठेव ती, तुझ्याकडेच ठेव,
कुलूप मी बदललं नाही.

वळणात एक अशी गोष्ट सांगायची जी आतापर्यंत लपवली होती. इथे ती अशी: परवा किल्लीवाला दारावरून गेला, मी हाक मारली नाही. वळणात नवं काही कळत नसेल तर ते काढून टाका. गाणं अर्ध्या मिनिटाने लहान होईल, काही बिघडणार नाही.

## टप्पा 4: चाल फक्त तानपुऱ्यावर

पियानोचं झाकण बंद. तानपुरा लावा, मेट्रोनोम 66 वर ठेवा आणि टप्पा 2 मधलं तुमचं बोलण्याचं रेकॉर्डिंग ऐका. बोलताना आवाज जिथे चढला तिथे सूर चढू द्या, जिथे पडला तिथे पडू द्या. पहिली चाल अशीच काढा.

कडव्याला पाच-सात सूर पुरेत, मंद्र प पासून मध्य म पर्यंत. ध्रुवपदातल्या ‘ठे’वर उडी घ्या, ध किंवा तार सा पर्यंत. कडव्यातच ध-नी खर्च केले तर ध्रुवपद उघडलं हे कुणाला कळणार नाही.

ठेक्याबद्दल जपा. तबला नसला तरी आपलं अंग चार मात्रांना केरव्याचा आणि सहा मात्रांना दादऱ्याचा हेलकावा आपोआप देतं. सुगम गाण्यात तो हवाच असतो. इथे त्या हेलकाव्याने गाणं डोलायला लागतं आणि कडी न लावणारी बाई नाहीशी होते. चार मात्रा सरळ, समान चालू द्या.

‘किल्ली’च्या पहिल्या चार ओळी मात्रांवर अशा बसल्या. आडवी रेघ दोन मात्रा वेगळ्या करते, उभी रेघ म्हणजे बारची हद्द, S म्हणजे गळा गप्प:

रा – त्री – दा – र | नुसतं – लोटून – घे – ते
S – कडी – का – ही | ला – वत – ना – ही
दुस – री – कि – ल्ली | तुझ्या – कडेच – आ – हे
S – मी ती – प – रत | मा – गत – ना – ही

दुसरी आणि चौथी ओळ समेवर, म्हणजे बारच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाही. समेवर पुढे फक्त पियानोचा कॉर्ड वाजेल आणि गळा एक मात्रा उशिरा येईल. सांगायला जड जातं तेव्हा माणूस असाच थबकतो. सगळ्या ओळी समेवर सुरू केल्यात तर गाणं बडबडगीतासारखं ठाशीव होतं.

तपासा: चाल कुठल्याही वाद्याशिवाय, भांडी घासताना, जिना चढताना म्हणून बघा. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिंग न ऐकता आठवली तर ठेवा. अर्धीच आठवली तर जो अर्धा भाग आठवला तो ठेवा आणि दुसरा पुन्हा करा.

## टप्पा 5: पट्टी ठरवा

कॉर्डच्या आधी पट्टी, म्हणजे तुमचा सा कुठल्या सुरावर धरायचा ते. लोक सगळं सी मध्ये बसवतात आणि रेकॉर्डिंगच्या दिवशी कळतं की गळा तिथे पोहोचत नाही.

गाण्यातला सगळ्यात वरचा शब्द घ्या, इथे ‘ठेव’. तो लागोपाठ पाच वेळा गा. पाचव्यांदा पहिल्याइतकाच सहज आला पाहिजे. मग सगळ्यात खालचा शब्द हळू आवाजात गा. फोन हातभर लांब ठेवून रेकॉर्ड केल्यावर तो स्पष्ट ऐकू आला पाहिजे. वरचा सूर बघून सगळेच पट्टी ठरवतात, खालचा कुणी बघत नाही. पण या गाण्याचं पहिलं कडवं खालीच आणि हळूच असतं. तिथे आवाज विरला तर गोष्ट सुरूच होत नाही.

हार्मोनियमच्या भाषेत पांढरी एक म्हणजे सी, काळी एक सी शार्प, पांढरी चार एफ, पांढरी पाच जी, काळी चार जी शार्प. तुमची पट्टी काळी चार निघाली तर पियानोवर अर्धा स्वर उतरून पांढरी पाच घ्या, बोटं निम्म्या कष्टात बसतील. एवढ्या फरकाने गळ्याचं सहसा बिघडत नाही.

सावधान: ट्रान्सपोज बटणाच्या भरवशावर गाणं बसवू नका. मी एक गाणं सी च्या पट्ट्यांवर वाजवून बटणाने चढवून बसवलं होतं. कार्यक्रमाच्या जागी तारांचा पियानो निघाला. बोटांना एक ठिकाण माहीत, गळ्याला दुसरं. पहिलं कडवं मी नुसतं बोललो, गाता आलं नाही. तेव्हापासून ज्या पट्टीत गायचं त्याच पट्टीत वाजवायला शिकतो आणि शिकवतो.

## टप्पा 6: आता कॉर्ड, बेसपासून

समजायला सोपं म्हणून इथे सा = सी धरतो. कडव्याचे आठ बार, बारला एक कॉर्ड (16 बारांच्या पहिल्या कडव्यात हेच दोनदा):

सी | जी, बेसला बी | ए मायनर | ए मायनर, बेसला जी | एफ | सी, बेसला ई | डी मायनर | जी

फक्त डाव्या हाताचे सूर वाचा: सा नी ध प म ग रे, आणि मग प. सरळ अवरोह आहे. कॉर्डची नावं पाठ करण्याआधी हा अवरोह एका बोटाने वाजवत चाल गा. रात्र उतरत जावी तसा बेस खाली उतरतो आणि शेवटी प वर येऊन अडतो, सा वर परत येत नाही. ‘मागत नाही’ हे शब्द नेमके त्या अडलेल्या जागी पडतात. म्हणून हे कॉर्ड निवडले. तुमच्या गाण्यात असंच विचारा: माझी शेवटची ओळ घरी पोहोचते की दारात थांबते? घरी पोहोचत असेल तर शेवटी सा हवा.

पांढरी पाचात हेच असं होतं: जी | डी, बेसला एफ शार्प | ई मायनर | ई मायनर, बेसला डी | सी | जी, बेसला बी | ए मायनर | डी.

उजव्या हाताने उड्या मारायच्या नाहीत. जवळचे सूर धरून सरकायचं. सी साठी मंद्र प, सा, ग. जी साठी मंद्र प, मंद्र नी, रे. ए मायनरला मंद्र ध, सा, ग. एफला मंद्र ध, सा, म. डी मायनरला मंद्र ध, रे, म. सगळा हात मंद्र प ते मध्य म एवढ्यातच राहतो. प्रत्येक कॉर्ड सा-ग-प अशा मूळ आकारात वाजवत वरखाली धावणं ही मला सगळ्यात जास्त ऐकू येणारी चूक. कॉर्ड बरोबर असतात, पण साथ धक्के खात चालते.

ध्रुवपद सा वरून सुरू करू नका, एफ वरून करा. एफ | जी | ए मायनर | सी, बेसला ई, आणि पुढे एफ | सी, बेसला ई | डी मायनर | जी. शेवटच्या ध्रुवपदात एकदाच दुसरा एफ मेजर सोडून एफ मायनर घ्या, म्हणजे म, कोमल ध, सा. शुद्ध ध कोमल झाला की आतून काहीतरी खचतं. हे एकदाच, दोनदा केलं की त्याची सवय होते. त्या बारमध्ये चालीत ध असेल तर तोही कोमल गायला लागेल, नाहीतर गळा आणि हात भांडतील.

सावधान: मधल्या सी च्या एक सप्तक खाली गेलात की डाव्या हाताने तीन सुरांचा कॉर्ड दाबू नका. तिथे सूर एकमेकांत मिसळून नुसती घरघर होते. एक सूर पुरे, फार तर त्याची सप्तकजोडी.

## टप्पा 7: हार्मोनियमची सवय सोडवा

आपल्यापैकी बहुतेक जण हार्मोनियमवरून पियानोकडे येतात आणि बरोबर दोन सवयी आणतात.

एक, उजव्या हाताने गाण्याची चालच वाजवायची. संवादिनीची साथ तशीच असते आणि तिथे ती शोभते. इथे गळा आणि पियानो तीच चाल म्हणू लागले की गाणाऱ्याला हरकत (सुरांची छोटी नक्षी) घ्यायला, मागे रेंगाळायला मोकळीक राहत नाही. शब्द चालू असताना चाल हातातून पूर्ण काढून टाका. ओळ संपली आणि श्वास आला की तेवढ्या जागेत दोन-तीन सुरांचं उत्तर द्या.

दुसरी सवय भात्याची. भाता हलतो तोवर हार्मोनियमचा सूर टिकतो. पियानोचा सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. ही उणीव समजून हात सतत काहीतरी वाजवत राहतो. तो विरणारा सूरच या गाण्यात हवा आहे. ‘कडी’च्या आधीची ती मोकळी मात्रा आठवा, तिथे कॉर्ड विरत असतानाच गळा येतो.

सराव याच क्रमाने करा:

1. तानपुऱ्यावर चाल.
2. चाल आणि डाव्या हाताचा एकच बेस सूर.
3. चाल आणि बारला एकदा दाबलेला पूर्ण कॉर्ड.
4. चाल आणि मोडलेला कॉर्ड, एकेक सूर सुटा.
5. पेडल.

गाताना शब्द विसरला किंवा लय अडखळली तर एक पायरी मागे या. अडखळत पुढे गेलेलं अडखळणं बोटांत मुरतं. पायरी 3 वर चार-पाच दिवस जाऊ द्या. पुष्कळ गाणी तिथेच पुरी होतात, चौथी पायरी लागतही नाही.

बाईचा आवाज असेल तर कडव्यात गळा आणि उजवा हात एकाच पट्ट्यांवर येतात. तिथे गळ्याने धरलेला सूर हातातून काढा. उरलेले दोन पुरतात.

शास्त्रीय तालीम घेतलेल्यांसाठी एक गोष्ट, कारण त्यांना ‘तू बेसूर होतोस’ असं उगाच ऐकावं लागतं. तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार सा पासून सुमारे 386 सेंटवर असतो (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग). पियानोचा ग 400 वर. म्हणजे तानपुऱ्यावर घट्ट बसलेला तुमचा ग पियानोशेजारी 14 सेंट उतरलेला वाटतो. ध आणि नी चंही जवळपास असंच. पायरी 2 ला आलात की तानपुरा बंद करा आणि ग वर थांबून पियानोशी कान जुळवा. दोन्ही एकत्र लावून कधीच गाऊ नका.

## टप्पा 8: पेडल

चुका दोनच. पाय दाबून ठेवला की दोन कॉर्ड एकमेकांत कालवले जातात. पाय आणि हात एकाच वेळी उचलले की कॉर्डच्या मध्ये भोक पडतं.

बरोबर क्रम असा: नवा कॉर्ड हाताने दाबा, त्याच क्षणी पाय उचला, आणि बोटं पट्ट्यांवर असतानाच पाय लगेच पुन्हा दाबा. हात आधी, पाय मागून. गाणं बाजूला ठेवून फक्त सी आणि एफ वर दहा मिनिटं करा. पहिले दोन दिवस पाय ऐकत नाही, तिसऱ्या-चौथ्या दिवशी ऐकतो.

तपासा: डोळे मिटून डी मायनरवरून जी वर जा आणि थांबा. म ऐकू येत असेल तर पाय पुरता उचलला गेला नव्हता.

## टप्पा 9: जोर कुठे, गप्प कुठे

वहीत गाण्याची आकृती पुन्हा लिहा आणि प्रत्येक भागापुढे 1 ते 5 आकडा टाका. पहिलं कडवं 1. पहिलं ध्रुवपद 2, दुसरं 3. वळण 5. शेवटचं ध्रुवपद परत 1.

शेवटचं ध्रुवपद सगळ्यात मोठ्याने गाणं ही जवळपास सगळ्यांची पहिली निवड असते, आणि मला ती या गाण्यात पटत नाही. ‘कुलूप मी बदललं नाही’ हे ओरडून सांगायचं वाक्यच नाही. वळणानंतर एक पूर्ण बार हात पट्ट्यांवरून उचला, पेडलही सोडा. मग नुसत्या गळ्याने ‘ठेव ती’ म्हणा आणि बेस ‘तुझ्याकडेच’वर येऊ द्या.

हरकती-मुरक्या शब्दाच्या शेवटी, आणि सगळ्या गाण्यात मिळून दोन-तीन. ‘किल्ली’ या शब्दावर एकही नको.

## टप्पा 10: रेकॉर्डिंग

पंखा बंद, फ्रिजचं बटण बंद, खिडकी बंद. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट पाठीमागे असेल तर खोलीचा घुमारा बराच कमी होतो. नंतर फ्रिज सुरू करायला विसरू नका.

डिजिटल कीबोर्ड असेल तर पियानो तारेने थेट घ्या, कानाला हेडफोन लावा आणि गळा माइकवर घ्या. म्हणजे गाणं-वाजवणं एकत्र होऊनही दोन्ही आवाज वेगळे राहतात. गाणं ज्याने बांधलं त्याने ते एकत्रच रेकॉर्ड करावं, असं मला वाटतं. आधी पियानो आणि नंतर गळा असं केलं की त्या मोकळ्या मात्रा घड्याळासारख्या होतात. पट्ट्यांची टकटक माइकात येत असेल तर कीबोर्डच्या स्टँडखाली जाड सतरंजी घाला.

माइक तोंडापासून एक वीत लांब. त्याहून जवळ गेलात की आवाजात खोटा खर्ज भरतो. फ, भ, ख, ठ यांची हवा माइकवर आदळते, आणि आपल्या ध्रुवपदाचा पहिलाच शब्द ‘ठेव’ आहे. म्हणून माइक तोंडासमोर सरळ नको, किंचित बाजूला ठेवा. फाइल 24 बिट, 48 किलोहर्ट्झ. पातळी अशी ठेवा की सगळ्यात मोठा सूर −12 डेसिबलच्या आसपास राहील. 0 ला कधीच लागू देऊ नका, तिथे फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

पूर्ण गाणं तीनदा घ्या, चौथ्यांदा नको. चौथ्या वेळी आपण त्या माणसाला सांगत नसतो, गाणं पार पाडत असतो.

सावधान: शेवटचा कॉर्ड वाजल्यावर पेडल दाबून ठेवा आणि सूर पूर्ण विरेपर्यंत हलू नका. आठ-दहा सेकंद लागतात. तेवढ्यात खुर्ची करकरली किंवा सुस्कारा सुटला म्हणून वाया गेलेले टेक मी मोजायचं सोडून दिलंय.

शब्द दुसऱ्या कुणाचे असतील तर त्यांची लेखी परवानगी आधी घ्या, चालीचं श्रेय कुणाचं हेही साध्या मेसेजमध्ये लिहून ठेवा. जुनी कविता घेत असाल तर भारतात कवीच्या निधनानंतर 60 वर्षं हक्क राहतो. स्वतःच्या गाण्याचा हक्क ते नोंदवलं नाही तरी तुमचाच असतो. तारीख घातलेली वही मात्र जपून ठेवा.

## टप्पा 11: आठ दिवसांनी

फाइल आठ दिवस उघडू नका. मग फोनच्याच छोट्या स्पीकरवर, घरातलं दुसरं काम करताना लावा. फोनवर बेस जवळजवळ ऐकू येत नाही, तेवढ्यावरही शब्द पोहोचतात का ते बघा. जो शब्द कळला नाही त्याखाली वहीत रेघ मारा. बहुतेक वेळा तिथे उजवा हात गळ्यावर चढलेला असतो, आणि तिथला एक सूर कमी केला की पुरतं.

मग गाणं अशा एका माणसाला ऐकवा ज्याला ती गोष्ट माहीत नाही. कसं वाटलं हे विचारू नका. विचारा, किल्ली कुणाकडे आहे? बरोबर सांगितलं तर गाणं झालं. सांगता आलं नाही तर कॉर्डला हात लावू नका, टप्पा 1 ची वही उघडा.